टोकलेला मोगरा

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाबाईनं पहिलं काम केलं ते चोरांसाठी विळ्याला धार लावायचं. पंचमीला काही कापायचं नाही, खणायचं नाही, म्हणून विळा आदल्या दिवशी नुसता पडून होता. तिनं तो दगडावर घासला, अंगठ्यानं धार पाहिली आणि सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या बागेतल्या, कट्ट्यावर नेऊन ठेवला. शेजारी पाण्याची बादली, ओल्या गोणपाटाचे तुकडे, थोडी सुतळी. चोरांची एवढी बडदास्त दुसऱ्या कुठल्या गावात ठेवत असतील असं मला वाटत नाही.

पिपरटोल्याची ही जुनी रीत. धानाची रोवणी आटोपलेली असते, बायांच्या कमरा जरा सरळ झालेल्या असतात, जमीन ओली असते. त्या दिवशी ज्याच्याकडे जे झाड चांगलं, त्याच्या सांदवाडीत शिरायचं आणि हवी ती डगाल, म्हणजे फांदी, कापून न्यायची. नेणाऱ्यानं मागायचं नाही आणि घरच्यांनी आपण होऊन द्यायचंही नाही. घरच्यांनी मागचं दार लोटून घ्यायचं आणि आत बसून राहायचं. मागून नेलेली डगाल रुजत नाही, असा अख्ख्या गावाचा विश्वास. पथ्य एकच होतं. चोराला टोकायचं नाही. ‘कोण आहे?’ एवढं जरी कोणी विचारलं, तर त्यानं हातातलं तिथंच टाकायचं आणि त्या झाडाला वर्षभर पुन्हा हात लावायचा नाही.

अनुसयाबाई, मंदाबाईची सासू, होती तेव्हापासून याच घरची सांदवाडी गावात सगळ्यांत जास्त लुटली जाई. मंदाबाईला त्याचा भारी अभिमान होता. कोणाच्या दारात जास्वंद फुललेली दिसली, की ती मान तिरपी करून पाहत असे आणि काही न बोलता पुढं जात असे. ते न बोलणंही गावाला बरोबर ऐकू जाई.

तिनं दार लोटलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी तांदूळ निवडत बसली. पाहायचं नाही हे खरं, पण खिडकीला फट असली तर माणसानं काय करावं?

पहिले आले लीलाधर गुरुजी. शाळेतून रिटायर झाल्यापासून ते दरवर्षी गावठी गुलाबाची काडी चोरत आणि दरवर्षी तिला जास्त पाणी घालून मारत. मागोमाग तिघी-चौघी बाया आल्या, हसू दाबत, एकमेकींना कोपरानं ढोसत. एकीनं शेवग्याची डगाल नेली, एकीनं मेंदीची, एकीनं कोचईचे, म्हणजे अळूचे, कंद उपटले. मंदाबाई फटीतून सगळं पाहत होती आणि तांदळातले खडे तांदळातच राहत होते.

खरं सांगायचं तर ती दरवर्षी एका बाईची वाट पाहायची. ती बाई म्हणजे तिची धाकटी जाऊ, रुख्मिणी.

बकाराम आणि दुधराम या दोघा भावांची वाटणी झाली, सांदवाडीच्या मधोमध भिंत उठली आणि अनुसयाबाईचा मोगरा भिंतीच्या या बाजूला, मंदाबाईकडे राहिला. तेव्हापासून रुख्मिणीनं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. सणावारी नाही, वैशाखात मंदाबाईच्या गजेंद्रचं लग्न झालं तेव्हाही नाही. मागच्या महिन्यात रुख्मिणीच्या डिंपलचं साक्षगंध झालं, त्याचं बोलावणं मंदाबाईला आलं नाही. बुंदीचा वास तेवढा भिंतीवरून आला.

आणि आज, फाटकाची कडी वाजली नाही इतक्या हळू कोणीतरी आत शिरलं. डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढलेला होता. पण ज्या बाईबरोबर एका चुलीवर इतकी वर्षं भात शिजवला तिची चाल काय पदरानं झाकते? सूप मांडीवरून खाली ठेवायचंही तिला भान राहिलं नाही.

“आली माय,” ती चुलीलाच म्हणाली. “आली एकदाची.”

रुख्मिणी सरळ मोगऱ्यापाशी गेली. विळा तिनं कट्ट्यावरून उचलला नव्हता, स्वतःचा आणला होता. ती वाकली. नवी-जुनी लाकडं चाचपून तिनं एक काडी धरली, गाठीच्या जरा खाली विळा टेकवला.

“ए! कौन है वहाँ?” वरच्या स्लॅबवरून आवाज आला. “दिनदहाड़े चोरी करते शरम नहीं आती?”

रुख्मिणीच्या हातातली काडी खाली पडली. ती सावकाश उभी राहिली, पदर नीट केला आणि आली तशी निघून गेली. शेजारच्या दोन दारांतून माना बाहेर आल्या होत्या, त्या पटकन आत गेल्या.

स्लॅबवर ओला टॉवेल हातात धरून रीता, मंदाबाईची नवी सून, उभी होती. ‘कसं पळवून लावलं!’ असा तिचा चेहरा होता.

रीताला दोष द्यायला तशी जागा नाही. गोंदियाच्या बाजारात तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून ती लहानाची मोठी झाली, आणि तिथं तिला पहिला धडा मिळाला तो गिऱ्हाइकाच्या हाताकडे लक्ष ठेवायचा. पदराआड ब्लाऊजपीस सरकवणाऱ्या बायका तिनं दहा पावलांवरून ओळखल्या होत्या. त्यामुळं डोकं झाकून झाडाशी वाकलेली बाई दिसली, की तोंडातून दुसरं काय निघणार?

ती खाली आली तेव्हा स्वयंपाकघरात सासरे बकाराम उभे होते, नवरा गजेंद्र आपल्या खताच्या दुकानात जायला निघालेला शर्टाची बटणं लावत उभा होता, आणि सासू खिडकीशी तशीच बसून होती.

“भाग गई,” रीता म्हणाली. “मम्मीजी, फाटकाला कुलूप लावत जा. काहीच नेलं नाही तिनं.”

“ते तुझी काकसासू होती,” गजेंद्र म्हणाला.

रीताच्या हातातला टॉवेल जमिनीवर पडला. “रुख्मिणीकाकी?”

मग तिला सगळं सांगण्यात आलं. रीत, लोटलेलं दार, टोकणं. सांगता सांगता गजेंद्रचा आवाज बारीक होत गेला, कारण रीताचे डोळे मोठे होत गेले.

“आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?” तिला रडूही येत होतं आणि रागही. “काल रात्री काय बोलले तुम्ही? ‘उद्या लोक येतीन, झाडं नेतीन.’ बस. मी समजली, दुकानासारखं असेल. सांगून येतील, घेऊन जातील. इथं चोरीचा मुहूर्त असतो हे मला सपन्यात दिसणार होतं का?”

“सगळ्याइले मालूम असते ते,” गजेंद्र पुटपुटला.

“सगळ्यांना! मी सगळ्यांत कधी आली? वैशाखात तर आली!”

“पोरीचं काई चुकलं नाई,” बकाराम म्हणाले. “मंदे, तू तिच्यावर कायले भडकून राहिली?”

“मी भडकली का?” मंदाबाईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. “मी एक शब्द बोलली का?”

“नाई बोलली, तेच त. तू बोलली नाई का मले भेव वाटते.”

मंदाबाईनं सूप बाजूला ठेवलं. “इतक्या वर्षानं आली ते, अजी. आपल्या पायानं आली. अन् आपल्या घरानं तिले चोर मनलं. आता ते मेली तरी येनार नाई.” आणि तिला रडू फुटलं. रीतानं सासूला रडताना कधी पाहिलं नव्हतं. ती घाबरून जवळ गेली, पाठीवर हात ठेवावा की नाही हे न कळून तिनं पाण्याचा गिलास भरून आणला.

बकाराम दाराच्या चौकटीला टेकले.

“ते डिंपलसाठी आलती,” ते म्हणाले.

“डिंपलसाठी?”

“पोर्गी सडक अर्जुनीले चालली. हायवेवर घर हाये तेयचं, सामोर सिमेंट, मांगं सिमेंट, हिरवं पान नाई. डिंपल झाली तवा मायनं मनलं होतं ना, हे पोर्गी माझा मोगरा घेऊन सासरी जाईन मनून. आता डगाल लावली त दिवाडीवरी मुळ्या धरन. तुलसीच्या लग्नानंतर तिचं लगन. मनून मी दुधरामले मनलं, पाठव रुख्मिणीले, मंदा दार लोटूनच बसते.”

मंदाबाईनं डोळे पुसले. “तुमी दुधरामले मनलं?”

“हव.”

“तुमी बोलता तेच्यासंगं?”

“भाऊ हाये माझा. तलावाच्या पारीवर भेटतो रोज. तमाखू खातो दोघं.”

“रोज?” मंदाबाई गजेंद्रकडे वळली. “अन् तू? तुलेही मालूम होतं?”

गजेंद्रनं बटणं लावून झालेली असूनही एक बटण पुन्हा लावलं. “काका खत माझ्याच दुकानातून नेते, आई. मंग बोलाव त लागतेच.”

आता राहिली रीता. ती खाली पाहत होती. मंदाबाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

“डिंपल मला रील पाठवते,” रीता म्हणाली. “मेंदीचे डिझाईन वगैरे. मी पण पाठवते. रोज नाही, मम्मीजी. एक दिवसाआड.”

मंदाबाईनं एकेकाकडे पाहून घेतलं.

“मंजे या घरात मी एकटीच भांडून राहिली!”

हसू कोणालाच आवरेना, पण हसायची हिंमतही कोणाची होईना. शेवटी बकारामांना ठसका लागला आणि त्यात ते निभावून गेलं.

“बरं, मंग एक सांगा,” मंदाबाई म्हणाली. तिचा राग निघाला होता तो मध्येच कुठंतरी बसला होता. “तुमी सगळे इतके बोलता, त तिनं माझ्यासंगं काऊन नाई बोललं? भिंत काय मी बांधली? दोघा भावाइनं बांधली. मी तिले कधी वाईट बोलली?”

“बोलली,” बकाराम म्हणाले.

“कधी?”

“भिंतीचं काम चाललं होतं. गवंडी होता, दोन मजूर होते. रुख्मिणी मोगऱ्याकडे पाहून राहिली होती. तू मनली, ‘असं पाहू नोको. पाहिजे असन त मांगजो, मी काई नाई मननार नाई.’”

“मंग? चांगलंच त मनलं!”

“मांगजो मनलं, मंदे.” बकाराम हळूच म्हणाले. “आपल्या गावात दारोदार फिरनारी बाईही झाड मांगत नाई. अन् ते या घरची सून. तेच्याच बुडाशी तिनं डिंपलचं न्हानाचं पानी ओतलं. चार मानसात तू तिले मांगाले लावलं. दुधरामनं मले तवाच सांगतलं होतं.”

“अन् तुमी मले आता सांगून राहिले!”

“मले वाटलं तुले मालूम असन.”

रीतानं नवऱ्याकडे पाहिलं. या घरातल्या पुरुषांची ही खानदानी बिमारी आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

मंदाबाईला ते शब्द आठवले. म्हणताना तिला आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं वाटलं होतं, तेही आठवलं. ती ओशाळली, आणि ओशाळलेली मंदाबाई या घरात कोणी फारशी पाहिलेली नसल्यामुळं सगळे आपापल्या पायांकडे पाहू लागले.

गजेंद्रनं उपाय काढला. दुकानदाराला सुचावा तसाच होता. “मी साकोलीच्या नर्सरीतून मस्त मोगरा आनतो. थैलीत मुळ्या धरलेला. काकाच्या हातात देऊन देतो.”

“अन् तेले काय अनुसयाबाईचा मोगरा मनाचं?”

“मंग आपल्याच मोगऱ्याची डगाल लावून देऊ.”

“देऊ!” मंदाबाई म्हणाली. “पयले मांग मनलं, आता घरी नेऊन भीक वाढू. बराबर हाये.”

“गुरुजीच्या घरी असन ना तोच मोगरा,” बकाराम म्हणाले, “तिथून—”

“गुरुजीच्या घरी काई जगते का?”

अडचण खरी होती. रुख्मिणी वर्षभर त्या झाडाला हात लावणार नव्हती. वर्षानं डिंपल सडक अर्जुनीच्या सिमेंटात कधीची नांदायला लागली असती.

रीता भिंतीला टेकून उभी होती. आपणच बिघडवलेल्या गोष्टीत बोलावं की नाही, असं तिला वाटत होतं. पण न राहवून ती बोलली.

“मम्मीजी, एक विचारू? डिंपल तर इसी घर की बेटी है ना? शेजाऱ्यांनी चोरून न्यावं, ठीक आहे. घरची मुलगी आपल्या घरातून चोरी का करेल?”

“रीत हाये ते,” गजेंद्र म्हणाला.

“मुलींसाठी पण? पहिले ज्या मुली लग्न होऊन गेल्या, त्यांनी पण चोरून नेलं?”

गजेंद्र आईकडे पाहू लागला. आई बापाकडे. बकारामांनी टाळूवरून हात फिरवला. अनुसयाबाईला दोन्ही मुलगेच. मंदाबाईला एक गजेंद्र. मंदाबाईचे सासरे एकुलते एक. या घरातून लेक अशी कधी गेलीच नव्हती. डिंपल पहिली. अनुसयाबाईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी, सुनांसाठी, पाहुण्यांसाठी सगळे नियम करून ठेवले होते आणि लेकीसाठी काय ते सांगायची वेळच तिच्यावर आली नव्हती.

मंदाबाई उठली. पायात चपला सरकवल्या.

“कुठं चालली?” बकाराम म्हणाले.

“मांगाले,” ती म्हणाली.

भिंतीपलीकडे रुख्मिणी तिच्या सांदवाडीत भेंडी तोडत होती. कोवळी-जून न पाहता ती सरसकट तोडत होती, त्यावरून दुधरामनं ओळखलं की आज जवळ जायचं नाही. तो ओट्यावर बसून सायकलची चेन साफ करत होता. ती चेन त्यानं कालच साफ केली होती.

डिंपल मात्र आईच्या मागं मागं फिरत होती. “आई, रीतावहिनीचा मेसेज आला. सॉरी मनते. सात वेळा सॉरी लिवलं.”

“लिवू दे.”

“तिले मालूम नव्हतं.”

“तिले मालूम नव्हतं, तिच्या सासूले मालूम होतं ना? नव्या सुनेले एवढं सांगता नाई येत? का मुद्दाम सांगतलं नाई?” एक जून भेंडी टोपलीत आदळली. “मीच बयाड, येडी. तुझा बाप मनला, जाय, अन् मी गेली. सगळ्याइच्या समोर चोर मनून घेतलं.”

“मले नाई पाहिजे मोगरा,” डिंपल म्हणाली. “खरंच. मी कुंडीत तुळस नेईन.”

रुख्मिणी थांबली. लेकीच्या या समजूतदारपणावर तिला रागावताही येईना. डिंपल बारशाला काळीसावळी, किडमिडीत होती. बायका नाकं मुरडत होत्या, तेव्हा सासूनं तिला मांडीवर घेऊन म्हटलं होतं, ‘या घरची पयली लेक हाये. माझा मोगरा हेच नेईन.’ सासू गेल्यावर त्या बाईचं दुसरं काही रुख्मिणीनं मागितलं नव्हतं. पाटल्या मंदाबाईकडे गेल्या, भांडी गेली, तिला काही वाटलं नाही. पण लेकीला दिलेला शब्द भिंतीच्या त्या बाजूला राहिला, याचं दुःख ती आजवर कोणाजवळ बोलली नव्हती.

“तू नेशील,” ती म्हणाली, पण कसा ते तिलाही माहीत नव्हतं.

कुंपणाचं फाटक वाजलं. जोरात वाजलं. सगळ्या गल्लीला ऐकू जावं इतकं.

मंदाबाई उभी होती. पदर खांद्यावर, डोकं उघडं. आतही आली नाही आणि हाकही मारली नाही. दुधराम वहिनीला पाहून सायकलीमागं उभा राहिला, जणू सायकल त्याला झाकणार होती.

रुख्मिणीनं पाहिलं आणि पुन्हा भेंडीकडे वळली. “डिंपल, तुझी मोठीमाय आली. पाट दे बसाले.”

“बसाले नाई आली,” मंदाबाई म्हणाली. “मांगाले आली.”

शेजारच्या दारात मघाच्याच दोन माना पुन्हा बाहेर आल्या. या वेळी त्या आत गेल्या नाहीत.

“बाई, हळू बोला,” रुख्मिणी म्हणाली. “लोक आयकून राहिले.”

“आयकू दे. मी तुले मांग मनलं तवा गवंड्यानं आयकलं, मजुराइनं आयकलं. आता मी मांगून राहिली, त गावानं आयकाव.” तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. “मले तवा समजलं नाई, रुख्मा. मले वाटलं मी चांगलंच बोलली. तुझ्या भासऱ्यानं, गज्याच्या बापानं, मले आज सांगतलं. तुले लागलं ते मले इतके वर्ष मालूमच नव्हतं. मी समजत होती तू भिंतीसाठी रागावली.”

रुख्मिणीच्या हातातली टोपली कमरेवर होती ती तिनं खाली ठेवली. कितीतरी वेळा तिनं मनात हे भांडण केलं होतं. त्या भांडणात मंदाबाई उलटून बोलायची आणि रुख्मिणीची उत्तरं तयार असायची. ही मंदाबाई तिच्या हिशेबात नव्हती.

“तुमची सून मले चोर मनली,” ती म्हणाली, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

“तिले कोनी सांगतलं नाई. गज्यानं अर्धं सांगतलं अन् मी ते गज्यावर सोडलं. ते पोर्गी सकाळपासून जेवली नाई. चूक माझी हाये, तिची नाई.”

“जेवली नाई?” रुख्मिणीनं लगेच विचारलं. मग आपण विचारलं हे लक्षात येऊन तिनं हाताला लागलेली भेंडीची कुसं झटकली.

“काय मांगता, बाई?” ती म्हणाली. “माझ्या सांदवाडीत तुमच्याइतकं काई नाई. भेंडी हाये, चवळी हाये.”

“डिंपल दे.”

डिंपलनं चमकून आईकडे पाहिलं.

“मले डिंपल दे,” मंदाबाई म्हणाली. “मायनं तिले मोगरा देल्ला हाये. दुसऱ्याइनं चोराव. लेक कायले चोरन? या घरातून लेक कधी गेलीच नाई मनून आपल्याले समजलं नाई, एवढंच. तिनं सामोरच्या दारानं याव, चहा प्याव, पाहिजे ते डगाल कापाव. पाहिजे त पुरा मोगरा खंदून न्याव. मी दार लोटनार नाई.”

दुधराम सायकलीमागं नाक ओढत होता आणि चेनच्या तेलाचा हात डोळ्यांना लावून त्यानं चेहरा काळा करून घेतला होता.

रुख्मिणी लेकीकडे पाहत राहिली. मग जावेकडे. मंदाबाई म्हातारी झाली होती. भिंतीवरून आवाज रोज ऐकू यायचा, पण आवाज म्हातारा होत नाही. आता समोर पाहिलं तर कानाजवळचे केस पार पांढरे, आणि गुडघा दुखत असावा, कारण फाटकाचा खांब धरून उभी होती.

“पुरा खंदून काय कराचं,” रुख्मिणी म्हणाली. “दोन काड्या पुष्कळ होतीन. अन् डिंपलले काय समजते? कवळी काडी कापन, सडवून टाकन. गाठीखाली कापाव लागते. जून लाकूड नाई, हिरवं नाई, मधलं.”

“मले मालूम हाये,” मंदाबाई म्हणाली.

“तुमाले कुठं मालूम हाये? मोगरा मायनं मलेच शिकवला. तुमी त नुसतं पानी टाकता. किती वाढवून ठेवला तो, एकाही वर्षी कापला नाई, मधात सगळं वाळलं हाये. सकाळी पाहिलं मी.”

“मंग कोन कापन? तूच कापत होती ना?”

“हव, मीच कापत होती.”

डिंपल या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत होती. तिनं फोन ओढणीआड धरून एका अंगठ्यानं काहीतरी लिहिलं आणि भिंतीपलीकडून लगेच मेसेजचा टण आवाज आला. रीता भिंतीला कान लावून उभी असणार, हे सगळ्यांना एकदम कळलं.

“भायेर ये मनावं,” रुख्मिणी भिंतीकडे पाहून मोठ्यानं म्हणाली. “मी खात नाई तिले. अन् काई खाऊन घे मनावं पयले.”

मग ती वाकली, भेंडीची टोपली उचलून तिनं दुधरामच्या हातात दिली. त्याच्या तोंडाकडे पाहून तिनं कपाळावर हात मारला. हात धुतले, पदराला पुसले, आपल्या अंगावरच्या चिखलानं भरलेल्या पातळाकडे एकवार पाहिलं.

“चल ना,” मंदाबाई म्हणाली. “पोरीले घेऊन जातो मी. रीता चहा ठेवन.”

“थांबा जरासक, बाई.” रुख्मिणी दारात वळली. “पातळ बदलाचं हाये. अशी मळकी घरी कशी येऊ?”

आत पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ‘डिंपल, ते जांभळं कुठं हाये गं?’ अशी हाक आली, मग कपडे उपसल्याचा आवाज, मग पुन्हा हाक. पातळ बदलायला इतका वेळ कोणाला लागत नाही. मंदाबाई फाटकाचा खांब धरून उभी राहिली. गुडघा ठणकत होता, डिंपलनं दिलेला पाट पायाशीच होता, पण ती बसली नाही. बसली असती आणि तेवढ्यात रुख्मिणी बाहेर आली असती तर तिच्याबरोबर लगेच निघता आलं नसतं.